पापण्यांतील सूक्ष्म रहिवासी

काचबिंदू हा विकार मुकाट्याने दृष्टी हरण करतो. डोळ्यांतील द्रवाचा दाब बहुधा वाढतो व दृष्टिनाडी सुकत जाते. पुष्कळदा ना वेदना, ना लाली. १९९६ ते २००० या काळात तत्कालीन आंध्र प्रदेशात झालेल्या नेत्रपाहणीत आपला आदिलाबाद जिल्हाही होता. काचबिंदू आढळलेल्या बहुतेकांना त्याची वार्ताही नव्हती! त्याच १९९६ साली मुधोळ येथे (हे गाव २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात मोडते) एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे ग्रामीण केंद्र सुरू झाले, आणि त्याच वर्षी अमेरिकेत लॅटॅनोप्रॉस्ट या थेंबांना मान्यता मिळाली. रोज रात्री एक थेंब, पण बहुधा जन्मभर.

या थेंबांनी पापण्यांचे केस लांब, दाट व काळेभोर होतात. आजोबांच्या पापण्या नातीला हेवा वाटाव्या अशा दिसू लागतात! मात्र कित्येकांच्या डोळ्यांना पुढे खाज सुटते. थेंबांतील टिकाऊपणासाठी घातलेले द्रव्य अश्रूंचा थर बिघडवते, हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे डेमोडेक्स.

हा गोचिडाच्या दूरच्या कुळातील आठ पायांचा जीव. लांबी सुमारे ०.३ मिलिमीटर, म्हणून नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. केसांच्या मुळाशी तो राहतो व दोनतीन आठवडे जगतो. १८४० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञांनी त्याचे वर्णन केले. थेंब त्याला जन्म देत नाहीत. तो बहुतेक वृद्धांच्या पापण्यांत मुळातच असतो. परंतु असे थेंब दीर्घकाळ घालणाऱ्यांत तो अधिक आढळल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. केसाच्या बुडाशी बांगडीसारखा चिकटलेला कोंडा ही त्याची खूण.

खरा धोका किड्याचा नव्हे. खाजेला कंटाळून रुग्ण मनानेच थेंब बंद करतो, हा आहे. खाज थांबते, बरे वाटते, आणि आत दृष्टिनाडी सुकतच राहते. गेलेली दृष्टी काही केल्या परत येत नाही. म्हणून घरात कोणाला असे होत असेल, तर त्यांना थेंबांच्या बाटलीसह नेत्रवैद्याकडे न्यावे. वैद्य थेंब बदलू शकतात किंवा टिकाऊ द्रव्याविना मिळणारे देऊ शकतात. या किड्यावर लोटिलानर नावाचे थेंबही २०२३ साली अमेरिकेत मान्य झाले आहेत. टी ट्री तेलाचा बोलबाला पुष्कळ आहे. पण ते शुद्ध तेल डोळ्याला भाजून काढते, तेव्हा घरगुती प्रयोग नकोत. थेंब घातल्यावर डोळे मिटून घ्यावे, पापणीवर ओघळलेला भाग स्वच्छ कापसाने टिपावा. रुमाल व काजळाची डबी ज्याची त्याने वेगळी ठेवावी.