पडद्यावरची वही साध्या अक्षरांत

भुसार व्यापाऱ्याचा निम्मा धंदा काट्यावर आणि निम्मा टिपणांवर चालतो. रोजकीर्द व खतावणी सरकारास दाखविता येतात. परंतु कोणाचा माल भाव न कापता ठेवला आहे, कोणाचा बारदाना परत यावयाचा आहे, कोणत्या शिवारातील तूर ओलसर निघते, हे सारे बारीक टिपणांतच सापडते. भालकीच्या आमच्या आडतीवर ही टिपणे पूर्वी दिवाणजींच्या लांब वहीत असत. 2019 साली आमच्या पुतण्याने ती एका परदेशी कंपनीच्या संगणकीय टिपणवहीत नेली. सोय मोठी झाली, हे कबूल केले पाहिजे. पुढे तो नोकरीनिमित्त पुण्यास गेला. खाते त्याच्या नावावर, वार्षिक वर्गणी त्याच्याच खिशातून. इकडे जीएसटीचा कायदा असा की, वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने हिशोबाचे कागद जपून ठेवावे लागतात. तेव्हा सर्व टिपणे तेथून बाहेर काढून, कोणत्याही यंत्रावर उघडतील अशा साध्या मजकुराच्या फायलींत ठेवावीत, असे आम्ही ठरविले.

बाहेर काढणे एका कळीचे काम. निघाले ते मात्र न चाळलेले धान्य. चारशेच्या आसपास फायली, आणि प्रत्येकीच्या नावामागे 32 अंक-अक्षरांचे निरर्थक शेपूट. एका टिपणातून दुसऱ्याकडे जाणारे दुवे तर ओळखूही येईनात. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन घटकांत साठविले जाते आणि दुव्यात प्रत्येक घटकाची तीन-तीन चिन्हे होतात. म्हणजे ‘तूर’ हा शब्द, त, दीर्घ ऊकार व र मिळून, 27 चिन्हांची मालगाडी होऊन येतो! तक्ते आले ते स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींच्या रूपाने. आमच्या थोरल्या चिरंजीवांनी उत्साहाने जेथे स्वल्पविराम तेथे रकाना तोडला. त्यासरशी 1,25,000 रुपयांची रक्कम 1, 25 आणि 000 अशी तीन घरांत विखुरली.

हे दोष डोळ्यांस दिसणारे, म्हणून दुरुस्त झाले. शेपटे छाटली, दुव्यांच्या जागी खातेदाराचे नाव लिहिले, नावाआधी 2023-01-18 अशी वर्षापासून तारीख घातली. त्यामुळे फायली आपोआप कालक्रमाने लागू लागल्या. खरा दोष न दिसणारा होता.

एके दिवशी जवळच्या खेड्यातील एक वृद्ध शेतकरी दुकानी आले. जानेवारी 2023 मध्ये त्यांनी 14 क्विंटल तूर आमच्याकडे ठेविली होती आणि आता त्यांस भाव कापावयाचा होता. चिरंजीवांनी साफ केलेली फाईल उघडली. इतर चुकत्या झालेल्या खात्यांसारखीच ती ओळ होती, म्हणून हिशोब पुरा झाल्याचे त्यांनी सांगून टाकले. म्हातारबाबा क्षणभर थांबले व म्हणाले, “शेटजी, तुमच्या वहीत असंल ते खरं.” हे शब्द आम्हांस झोंबले. त्या वर्षी तुरीचा भाव पुढे बराच चढला होता. थोडक्याचा प्रश्न नव्हता. पुतण्यास फोन लावून मूळ टिपण पाहावयास सांगितले. तो म्हणाला, “अण्णा, ती ओळ तांबडी आहे. तांबडी म्हणजे भाव बाकी.” साध्या मजकुरात रंग राहत नाही, तो गळून पडला आणि देणे चुकते दिसू लागले. त्या दिवसाच्या भावाने पट्टी करून आम्ही त्यांची रक्कम दिली.

त्या रात्री वडिलांची वही आठवली. 1 नोव्हेंबर 1956 रोजी आमचा तालुका हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आला. त्यानंतर वडिलांनी आजोबांच्या मोडी वह्यांतील चालू येणी-देणी बालबोध अक्षरांत उतरवून घेतली. मोडीत जमा डावीकडे व नावे उजवीकडे असल्याने तो शब्द प्रत्येक रकमेस लावण्याची गरज नसे. वडिलांची नवी पाने अरुंद; सर्व एकाखाली एक लिहावे लागले. म्हणून त्यांनी प्रत्येक रकमेपुढे ‘जमा’ किंवा ‘नावे’ लिहिले आणि शिवाय ‘हाली’ की ‘कलदार’ तेही. निजामाचे 7 हाली रुपये म्हणजे 6 कलदार. नुसता आकडा उतरविला असता तर एखाद्याचे सातवा हिस्सा नुकसान झाले असते. पल्ला-शेरांचे क्विंटल त्यांनी केले नाहीत, फसली सालही तसेच ठेविले. बदलले काही नाही, अध्याहृत होते ते तेवढे लिहिले.

मूडबिद्रीच्या धवला टीकेची ताडपत्रे जुन्या कन्नड लिपीत होती. त्यांच्या देवनागरी प्रती झाल्या, आणि डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली 1939 साली पहिला खंड छापून निघाला तेव्हा तो ग्रंथ घरोघरी जाऊ शकला. एवढ्या थोर कार्याशी आमच्या आडतीची तुलना करणे धाडसाचे. पण लिपी बदलताना पाठ जपावा लागतो, ही अडचण एकच.

मग आम्ही उलट्या क्रमाने पुन्हा आरंभ केला. बाहेर काढलेले मूळ पुडके हात न लावता वेगळे ठेविले. पुतण्याने मूळ टिपणवहीतच प्रत्येक तांबड्या ओळीपुढे ‘भाव बाकी’, पिवळ्यापुढे ‘बारदाना बाकी’ असे शब्द लिहिले, आणि त्यानंतरच सर्व टिपणे पुन्हा बाहेर काढली. एका खातेदाराची एक फाईल, रकमांत स्वल्पविराम नाही. एक प्रत दुकानी, एक पुण्यास, आणि चालू खात्यांची कागदावर छापून तिजोरीत. मुलांस हा शेवटचा प्रकार हास्यास्पद वाटतो. वाटो.

टिपणांच्या कडेला पुतण्याने लिहिलेले शेरे मात्र फायलींत मुळीच उतरले नाहीत. ते तो दर रविवारी फोनवरून वाचतो व आम्ही लिहून घेतो. हुमनाबादची खाती झाली, बसवकल्याणची चालू आहेत. वर्गणीची मुदत संपण्यापूर्वी औराद व्हावयाचे आहे.