पाळणाघराची पावती आणि आयकर

सोलापुरात सात रस्त्याजवळ एखादीचं ब्युटी पार्लर आहे असं समजू. मूल तीन वर्षांचं. सकाळी ते प्ले-स्कूलमध्ये जातं, दुपारी त्याच इमारतीतल्या पाळणाघरात राहतं, आणि आई संध्याकाळी शटर ओढल्यावर त्याला घेऊन घरी जाते. महिन्याच्या शेवटी पावती एकच येते. आयकराच्या दृष्टीने मात्र त्या पावतीत दोन वेगवेगळ्या गोष्टी असतात. सकाळची फी सवलतीला पात्र, दुपारची नाही.

कलम 80सीखाली दोन मुलांपर्यंतची शिकवणी फी उत्पन्नातून वजा होते, आणि प्ले-स्कूल, प्री-नर्सरी, नर्सरी हे सगळं त्यात बसतं. नोकरदार असो की स्वतःचा धंदा करणारी व्यक्ती, नियम एकच. नवरा-बायको दोघंही कर भरत असतील तर दोघांना प्रत्येकी दोन मुलांच्या फीचा दावा करता येतो. ज्याने जेवढी भरली, तेवढी त्याची. डोनेशन, विकास निधी, बसभाडं आणि खासगी क्लासची फी मात्र यात धरत नाहीत. सांभाळण्याचे पैसे तर नाहीतच. म्हणून प्ले-स्कूलवाल्यांकडून फी आणि पाळणाघर यांच्या पावत्या वेगळ्या मागून घ्याव्यात. 1 एप्रिल 2026पासूनच्या नव्या आयकर कायद्यात हीच तरतूद कलम 123मध्ये आहे.

खरी मेख पुढे आहे. 80सीची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, आणि 2023-24पासून काही न कळवणारा आपोआप नव्या प्रणालीत जातो. मग फीची पावती जपायची कशाला, हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही. 2025-26चे दर घेऊ. पार्लरचा वर्षाचा नफा 9 लाख असेल तर नव्या प्रणालीत कर शून्य, कारण 12 लाखांपर्यंत पूर्ण सूट आहे. जुन्या प्रणालीत 80सीचे कमाल दीड लाख वजा करूनही, सेससह 65,000 रुपये भरावे लागतात!

आता त्याच रस्त्यावरची दातांची डॉक्टर घ्या. वर्षाची जमा 30 लाख, ती सगळी चेक आणि यूपीआयने, आणि हिशोब कलम 44एडीएखाली. म्हणजे निम्मी रक्कम, 15 लाख, उत्पन्न धरली जाते. नव्या प्रणालीत कर 1,09,200. जुन्या प्रणालीत फी आणि विमा मिळून 80सीचे दीड लाख, आरोग्य विम्याचे 25,000, हे सगळं वजा केल्यावर 2,18,400. बरोबर दुप्पट. घरकर्जाच्या व्याजासारखी मोठी वजावट हाताशी नसेल तर मुलाच्या फीपायी जुनी प्रणाली धरणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. शिवाय नोकरदाराला दरवर्षी प्रणाली बदलता येते, व्यावसायिकाला नाही. त्याला विवरणपत्राच्या मुदतीआधी फॉर्म 10-आयईए भरून नव्या प्रणालीतून बाहेर पडावं लागतं, आणि एकदा परत आला की धंद्याचं उत्पन्न असेपर्यंत दार बंद.

सुकन्या समृद्धी खात्याचं थोडं निराळं आहे. नव्या प्रणालीत भरलेल्या पैशावर वजावट नाही, पण व्याज आणि मुदतीअंती मिळणारी रक्कम दोन्ही प्रणालींत करमुक्त. मुलगी दहा वर्षांची होण्याआधी खातं उघडायला हवं, एवढंच.

मग पाळणाघराचं बिल धंद्याचा खर्च म्हणून का दाखवू नये? मूल सांभाळायला कोणी नसेल तर दुकानच उघडणार नाही, हा युक्तिवाद कोणत्याही आईला पटेल. कायद्याला पटत नाही. कलम 37 फक्त धंद्यासाठी केलेला खर्च मान्य करतं, खासगी खर्च वगळतं. हाच वाद कॅनडात एलिझाबेथ साइम्स या वकीलबाईंनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. मुलं सांभाळणाऱ्या बाईचा पगार त्यांनी व्यवसायाच्या खर्चात धरला होता. 1993मध्ये त्या हरल्या, सात विरुद्ध दोन मतांनी; आणि त्यांच्या बाजूने मत देणाऱ्या दोघी म्हणजे त्या पीठावरच्या दोनच महिला न्यायाधीश. तरी कॅनडाच्या करकायद्यात मूल सांभाळण्याच्या खर्चासाठी मर्यादित का होईना, वेगळी वजावट होती. ब्रिटनमध्ये तर स्वयंरोजगार असलेल्या पालकांनाही सरकारी खात्यात भरलेल्या दर 8 पौंडांमागे 2 पौंड मिळतात, प्रत्येक मुलामागे वर्षाला कमाल 2,000 पौंड. आपल्याकडे सांभाळण्याच्या खर्चाला असा कोणताच कप्पा नाही.

कोणी सांगेल, सांभाळणाऱ्या बाईला पार्लरची मदतनीस म्हणून दाखवा. हे खोटं तर आहेच, वर बहुतेक छोट्या व्यावसायिकांना बिनकामाचंही. 44एडी किंवा 44एडीएखाली हिशोब देणाऱ्याचा नफा जमेच्या ठरावीक टक्क्यांनी मोजला जातो. खर्चाचा रकानाच तिथे कामाचा नाही.

विडी वळणाऱ्या आणि घरी बसून शिवणकाम करणाऱ्या सोलापूरच्या असंख्य बायका आयकराच्या वाटेला जाणारच नाहीत. पाळणाघराचा कायदाही त्यांना चुकवून जातो: 2017च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने आलेली पाळणाघराची सक्ती 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर आहे, आणि घरात काम करणारी बाई अशा कोणत्याच छपराखाली नसते. त्यांच्यासाठी आधार उरतो तो अंगणवाडीला जोडलेल्या, केंद्र सरकारच्या ‘पाळणा’ योजनेचा. त्यात सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना सांभाळतात. आपल्या भागात असं केंद्र आहे का, हे अंगणवाडी सेविकेला विचारलेलं बरं.

गणवेश शिवणाऱ्या एखाद्या मालकिणीने मात्र शिलाई कामगार बायकांच्या मुलांसाठी कारखान्यातच पाळणाघर काढलं, आणि ती पूर्ण हिशोबवह्या ठेवत असेल, तर तो खर्च कामगार कल्याणाचा म्हणून रीतसर धंद्याच्या खर्चात जातो. तिचं स्वतःचं मूल तिथेच खेळत असेल, तर त्याच्या वाटणीचा खर्च तेवढा तिने स्वतःच्या खिशातून करावा.