पोत्यातली मांजर परत का येते?

अशी कल्पना करा, की रात्रीचे अकरा वाजलेत. उद्या गणिताची चाचणी आहे. तुम्ही नुकतंच डोकं उशीवर टेकलंय आणि खालून सूर लागतो, ‘आऽऽऊ... म्याऽऽऊ!’ आधी हळू, मग चढता. दोन बोके समोरासमोर उभे असतात, पाठीची कमान, शेपट्या बाटली धुण्याच्या ब्रशसारख्या फुगलेल्या. वरून कुणीतरी तांब्याभर पाणी ओततं, खिडक्या धडाधड लागतात आणि सकाळी बघावं तर दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी फाटलेली! ‘शिंक्याचं तुटलं नि मांजराचं फावलं’ ही म्हण तुम्हाला पाठ असेल. शिंकी कधीच गेली, पण कडीला लटकणारी दुधाची पिशवी म्हणजे आजचं शिंकंच की.

मग सोसायटीत किंवा चाळीत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, “बिचारी मुकी जनावरं, खाऊ द्या त्यांना.” दुसरा म्हणतो, “जिन्यात घाण, कुंड्या उकरलेल्या, स्कूटरची सीट फाडलेली. आम्ही किती सोसायचं?” आणि खरं सांगू का, दोन्ही पक्षांचं बरोबर असतं! जिन्यातली ती घाण रोज सकाळी जो पुसतो, त्याला भूतदयेचा उपदेश करणं सोपं नाही.

भांडण वाढलं, की शेवटी कुणीतरी तो जुना उपाय काढतो. पोतं आणायचं, मांजरीला आत कोंबायचं, तोंड सुतळीने बांधायचं आणि नदीपलीकडे, नाहीतर मासळी बाजाराजवळ सोडून यायचं. तुमच्या आजोबांनीसुद्धा असं केलेलं तुम्ही ऐकलं असेल. आज आपण बोलणार आहोत ते या पोत्याबद्दलच.

जिन्याखालची तीन पिल्लं

माझ्या वर्गातली एक मुलगी राहते त्या इमारतीत ही गोष्ट घडली. एका करड्या मांजरीचा सगळ्यांना वैताग आला होता. एका रविवारी दोघा-तिघांनी तिला पकडलं आणि पूल ओलांडून सोडून आले. सगळ्यांना हायसं वाटलं. सोमवारी रात्री जिन्याखाली, मीटरच्या पेटीमागून, अगदी बारीक आवाज येऊ लागला. मुलांनी टॉर्च लावून पाहिलं. तिथे तीन पिल्लं होती, डोळेसुद्धा न उघडलेली.

मांजरीची पिल्लं जन्मतात तेव्हा त्यांचे डोळे बंद असतात. ते उघडायला आठ ते चौदा दिवस लागतात. तोपर्यंत त्यांना दिसत नाही, नीट ऐकू येत नाही आणि स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. एवढंच काय, आईने चाटल्याशिवाय त्यांना शू-शीही करता येत नाही. मुलांनी पशुवैद्यांना विचारून पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणली आणि ड्रॉपरने दर दोन-तीन तासांनी पाजली. रात्री आळीपाळीने आयांनी जागरणं केली. त्यात मांजरीला सोडून येणाऱ्यांपैकी एकाची पत्नीही होती. तरी एक पिल्लू दुसऱ्या रात्री गेलं, एक चौथ्या रात्री. तिसरं जगलं.

आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, दीड महिन्याच्या आत त्याच जिन्याखाली दुसरी मांजर येऊन राहिली. तीही गाभण.

असं का होतं? मांजर कुठेही राहत नाही. जिथे खायला मिळतं, पावसात कोरडं राहता येतं आणि कुत्र्यांपासून लपता येतं, तिथे ती राहते. पोत्यात मांजर जाते, पण ती जागा कुठे जाते? उघडी कचऱ्याची बादली तिथेच असते, मीटरमागची ऊबही तिथेच असते. जागा रिकामी दिसली, की शेजारच्या गल्लीतली मांजर हक्काने येते. नव्या जागी टाकलेल्या मांजरीचं मात्र उलटं होतं. तिथे आधीच्या मांजरांचं राज्य असतं. पाणी कुठे, लपायचं कुठे, काही माहीत नसतं. काही मांजरी मैलभर चालत परतही येतात. काही कुठेच पोचत नाहीत.

पालकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. प्राण्याला उपासमार होईल अशा ठिकाणी सोडून देणं किंवा त्याला यातना होतील अशा रीतीने बांधून नेणं हा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० प्रमाणे गुन्हा आहे. विष घालणं तर आहेच आहे. शिवाय मुलांच्या पाठ्यपुस्तकात छापलेल्या मूलभूत कर्तव्यांतही प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगायला सांगितलं आहे. पुस्तकात एक आणि जिन्याखाली दुसरंच, हे मुलांना बरोबर दिसतं.

एक गणित, जे चुकतं

चला, वही-पेन्सिल घ्या. मांजरीचा गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा. वर्षातून दोनदा ती सहज विते. एका वेळेला चार पिल्लं धरू. म्हणजे वर्षाला आठ. त्यातल्या निम्म्या माद्या. मादी पाच-सहा महिन्यांची झाली, की तिलाही पिल्लं होऊ शकतात. पण आपण उदार होऊन तिला पुढच्या वर्षापर्यंत सवलत देऊ. पहिल्या वर्षाअखेर एक आई आणि आठ पिल्लं, एकूण नऊ. दुसऱ्या वर्षी पाच माद्या, प्रत्येकी आठ, म्हणजे चाळीस नवीन. एकूण एकोणपन्नास!

आता खिडकीतून खाली बघा. एकोणपन्नास मांजरं दिसतात? नाही ना. दिसतात चार, फार तर पाच. मग बाकीची कुठे गेली? रस्त्यावर जन्मलेली निम्म्याहून जास्त पिल्लं मोठी होण्याआधीच मरतात. गाडीखाली येतात, कुत्र्यांच्या तावडीत सापडतात, साथीच्या आजाराने किंवा भुकेने जातात. गणित चुकतं ते असं.

म्हणूनच पिल्लं जन्मून मरण्यापेक्षा ती मुळात कमी जन्मावीत, हा उपाय जगभर वापरला जातो. मांजरांना पिंजऱ्यात पकडायचं, पशुवैद्याकडून शस्त्रक्रिया करून घ्यायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून आणलं तिथेच परत सोडायचं. मुंबई महानगरपालिकेने भटक्या मांजरांसाठी अशी मोहीम २०१९ साली सुरू केली. ज्या गावात पालिकेची सोय नाही, तिथे खासगी पशुवैद्यांकडे हे काम होतं. खर्च असतो, पण गणपतीला वर्गणी काढतोच ना आपण?

“परत तिथेच का सोडायचं?” असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. प्रश्न चांगला आहे. उत्तर आपण आत्ताच पाहिलं. जागा रिकामी ठेवली तर नवी मांजर येते. तीच मांजर परत आली, तर ती जागा राखते आणि तिला पिल्लं मात्र होत नाहीत. बोक्यांचाही स्वभाव बदलतो. भिंतीवर फवारे मारणं, रात्रीची कुस्ती, तो भसाडा आवाज, सगळं बरंच कमी होतं. गणिताची चाचणी सुखाने देता येते!

त्या जिन्याखालच्या दुसऱ्या मांजरीचं तसंच केलं. तिची पिल्लं दोन महिन्यांची होऊन स्वतः खायला लागेपर्यंत मंडळी थांबली. मग सुक्या बोंबलाच्या वासाने तिला पिंजऱ्यात आणलं. दार खट्‌कन पडल्यावर ती इतकी आपटली, की मुलं रडायला लागली. पण पिंजऱ्यावर चादर टाकताच पाच मिनिटांत गप्प. अंधार झाला, की मांजराला आपण लपलोय असं वाटतं. हे काम मोठ्या माणसांचं, बरं का! घाबरलेली मांजर कडाडून चावते, तेव्हा मुलांनी पिंजऱ्याजवळ जायचं नाही.

चावलं तर

हे नीट वाचा. मांजर चावली किंवा तिने ओरखडलं, तर घरी लपवू नका. “आई रागावेल” म्हणून गप्प बसणारी मुलं मी पाहिली आहेत. रेबीज फक्त कुत्र्यामुळे होतो असं नाही, तो मांजरामुळेही होऊ शकतो. आणि एकदा लक्षणं दिसू लागली, की त्यावर इलाज जवळपास नाहीच. वेळेवर लस घेतली, तर मात्र तो टळतो.

जखम वाहत्या नळाखाली, साबण लावून, घड्याळ लावून पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काहीही लावायचं नाही. मग त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. सरकारी व पालिकेच्या रुग्णालयांत ही लस मिळते. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत, त्या आठवणीने अजूनही काही आजी-आजोबा घाबरवतात. ती पद्धत कधीच बंद झाली. आता लस दंडावर देतात, ठरलेल्या तारखांना, आणि एकही तारीख चुकवायची नसते.

दूध-पोळीचं काय?

मांजर म्हटलं, की आपण बशीत दूध ओततो. पण बहुतेक मोठ्या मांजरांना गाईचं दूध पचत नाही! लहानपणी आईचं दूध पचवायची शक्ती वय वाढेल तशी कमी होते. मग दुधाने जुलाब होतात, आणि ते साफ कोण करणार? तुमच्याच जिन्यातले काका. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. बिनमिठाची, बिनमसाल्याची उकडलेली मासळी किंवा कोंबडीचे तुकडे तिला सोसतात. तुमच्या घरी हे चालत नसेल, तर बाजारात मिळणारं मांजराचं खाणं आणि स्वच्छ पाणी ठेवा.

खायला घालायचं तर ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात, जिन्यापासून आणि लोकांच्या दारांपासून लांब. अर्ध्या तासाने उरलेलं उचलायचं, जागा पुसून घ्यायची. उरलेलं तिथेच पडलं, तर उंदीर-घुशी येतात आणि दुसऱ्या पक्षाच्या हाती आयतं कोलीत मिळतं. आणि घंटागाडी यायच्या आधी रात्रभर कचऱ्याची पिशवी दाराबाहेर ठेवायची सवय बंद. झाकणाच्या डब्याने जेवढं काम होतं, तेवढं काठीने होत नाही.

कुंड्या उकरल्या जात असतील, तर मातीवर नारळाची सोडणं किंवा खडबडीत दगड पसरा. मांजराला मऊ माती लागते, टोचणारी नको असते. त्यापेक्षा कंपाउंडच्या कोपऱ्यात वाळूचा छोटा ढीग करून पाहा, मांजरं आपणहून तिकडे जातात. मग ती वाळू वरचेवर साफ करायचं काम मोठ्यांपैकी कुणीतरी अंगावर घ्यायला हवं. डांबराच्या गोळ्या मात्र टाकू नका. मांजराला त्या विषारी असतात आणि धाकट्या भावंडांनाही. उंदराचं विषही जपून, कारण विष खाल्लेला सुस्त उंदीर मांजर पकडते आणि तीही मरते.

पावसाळ्यात आणि थंडीत मांजरं गाडीच्या इंजिनाजवळ उबेला बसतात. बाबांना सांगा, गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारायच्या.

आणि पिल्लं सापडली तर? लगेच उचलून घरी आणू नका. त्यांची आई बहुधा खायला शोधायला गेलेली असते. ‘मांजर पिल्लांना सात घरं दाखवते’ असं आजी म्हणते ना? सात हा आकडा काही खरा नाही, पण मांजरी पिल्लांची जागा बदलतात हे खरं. गडबड, नवा वास, डोकावणारी मुलं, एवढं कारण तिला पुरतं. तेव्हा लांबून, गुपचूप, काही तास वाट बघा. पिल्लं गार पडली असतील, सतत रडत असतील आणि आई आलीच नाही, तरच मोठ्यांना घेऊन पशुवैद्यांना विचारा.

मोहिमेत शस्त्रक्रिया करताना, मांजर भुलीखाली असतानाच, एका कानाचं, बहुधा डाव्या, अगदी टोक सरळ कापतात. तीच खूण, म्हणजे तिला पुन्हा कुणी पकडू नये. त्या इमारतीतली मांजर आता दुपारी कंपाउंडच्या भिंतीवर झोपते. तिसरं पिल्लू, ते ड्रॉपरवर वाढलेलं, तिच्यापासून दोन हात लांब. दोघांचाही डावा कान वरून सपाट आहे. तुमच्या गल्लीतल्या मांजरांचे कान जरा बघून या.