श्रीमंतांना कमाल मर्यादा

भोरहून वरंधा घाट उतरलं की महाड, आणि महाडजवळचं नाते हे चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव. १९५३ साली ते देशाचे अर्थमंत्री असताना इस्टेट ड्यूटी आली. म्हणजे मागे ठेवलेल्या संपत्तीवर मृत्यूनंतर कर. १९५७ मध्ये संपत्ती कर आला. १९७३-७४ मध्ये तर प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला. शंभरातले सव्वादोन रुपयेच हाती उरणार असतील, तर खरा आकडा सांगणार कोण? पुढे इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये गेली, संपत्ती कर २०१५ मध्ये. नव्या करप्रणालीत आज अतिश्रीमंतांच्या वरच्या टप्प्यावर सुमारे ३९ टक्के कर बसतो.

श्रीमंतांनी जास्त दराने कर भरावा, असंच माझं मत आहे. पण दरावरच्या वादात सवलती आणि मर्यादा नजरेआड होतात, आणि खरी गंमत तिथेच आहे.

पानशेत, वरसगाव, भाटघर धरणांच्या पाण्याकाठी फिरून या. डोंगरउतारावर भाताची खाचरं, त्यांना लागून कुंपणाआडचे बंगले. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. एकरभर इंद्रायणी पिकवणाऱ्याला ही सूट हवीच. उरतं काय त्याला? पण शेती करणाऱ्या बड्या कंपनीलाही तीच सूट आहे. शहरापासून ठरावीक अंतरापलीकडची शेतजमीन कायद्याने भांडवली मालमत्ताच नव्हे, म्हणून ती विकून झालेल्या नफ्यावरही सहसा कर लागत नाही. भोरसारख्या छोट्या नगरपालिकेच्या हद्दीपासून हे अंतर अवघं दोन किलोमीटर आहे.

शहराच्या पैशातून खेड्याला काम, हा धडा महाराष्ट्रानेच देशाला दिला. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना पसरली आणि तिच्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. कल्पना थोर, कर मात्र थिटा. महिना दहा हजारांहून थोडा जास्त पगार असलेला कापूरहोळचा कामगार वर्षाला २,५०० रुपये भरतो. महिना दहा लाख मिळवणारा पुण्याचा अधिकारीही २,५००च. (बायकांना पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे, तेवढं बरं.) ही मर्यादा राज्यघटनेच्या कलम २७६ मध्ये १९८८ साली घातली गेली आणि अजून तिथेच आहे.

खरेदीखताचंही तसंच. नोंदणी शुल्क एक टक्का, पण जास्तीत जास्त तीस हजार. तीस लाखांच्या जमिनीला तीस हजार, तीन कोटींच्या बंगल्यालाही तीस हजार. मुद्रांक शुल्क किमतीप्रमाणे वाढतं, मग यालाच छप्पर कशाला? शेतकऱ्याच्या जमिनीला १९६१ च्या कायद्याने कमाल मर्यादा घातली. जिरायत असली तरी ५४ एकर. श्रीमंताच्या बाबतीत मर्यादा आली ती कराला.

कलम २७६ बदलायला संसद लागेल. नोंदणी शुल्काची मर्यादा उठवणं मात्र राज्य सरकारच्याच हातात आहे. येत्या अर्थसंकल्पात ती उठवावी, आणि त्यातून येणारी रक्कम धरणांखाली जमिनी गेलेल्या गावांच्या रस्त्यांवर आणि दवाखान्यांवर खर्च करावी.