गढवालच्या खोऱ्यांतील पायवाट

हिमालयाचे नाव निघाले की मनापुढे प्रथम उभी राहतात ती त्याची हिमाच्छादित शिखरे. परंतु पायी हिंडणाऱ्याचा हिमालय निराळा असतो. त्याच्या दिवसाचा बहुतेक भाग शिखरांकडे पाहण्यात जात नाही. तो जातो खोऱ्यांत उतरण्यात आणि खोऱ्यांतून वर चढण्यात. डोंगराची खरी उंची त्याला कळते ती खालून वाहणाऱ्या नदीच्या खोलीवरून.

याचा प्रत्यय घ्यावयाचा तर गढवालमधील एका जुन्या पायवाटेइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. ग्वालदमहून निघून कुआरी खिंडीमार्गे जोशीमठाकडे जाणारी ही वाट लॉर्ड कर्झन यांच्या नावाने ओळखली जाते. बदरीनाथाचा यात्रामार्ग अलकनंदेच्या काठाकाठाने वर जातो. ही वाट मात्र अलकनंदेला मिळणाऱ्या नद्या एकामागून एक आडव्या ओलांडीत जाते. प्रथम पिंडर, मग नंदाकिनी, मग बिरही आणि अखेरीस धौली. पिंडर पुढे कर्णप्रयागास, नंदाकिनी नंदप्रयागास आणि धौली विष्णुप्रयागास अलकनंदेत विलीन होते; बिरहीचा संगम चमोलीच्या पलीकडे आहे. यात्रेकरूला या नद्यांची केवळ मुखे दिसतात. कुआरीच्या वाटेने जाणाऱ्याला त्यांचे अंतरंग दिसते.

ग्वालदमची कड सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. तेथून पिंडरच्या पात्राकडे उतरताना हवा उबदार होत जाते आणि चिडाच्या झाडांची दाटी होते. नदी ओलांडून पुन्हा चढू लागले की चिड मागे पडतो, बांज आणि बुरांश यांचे गर्द रान लागते, आणि त्याहून वर गेल्यावर वृक्षसीमा ओलांडून बुग्याल, म्हणजे उंचावरील गवताळ कुरणे, पसरलेली दिसतात. दोनतीन दिवस चालून मिळविलेली ही उंची पुढच्या खोऱ्यात उतरताना एका दुपारीत खर्ची पडते. नकाशावर हाताच्या बोटाएवढे दिसणारे अंतर तोडण्यास अख्खा दिवस लागतो, याचे कारण हेच.

या खोऱ्यांची घडण सह्याद्रीच्या खोऱ्यांहून अगदी भिन्न आहे. गोदावरी, भीमा, कृष्णा या सह्याद्रीच्या माथ्यापाशी उगम पावतात आणि उतार धरून पूर्वेकडे जातात. डोंगराची मुख्य रांग त्या कापीत नाहीत. गढवालमध्ये मात्र धौली नीती घाटाजवळ, म्हणजे अत्युच्च शिखरांच्या पलीकडे, उगम पावते आणि एका बाजूस कामेट व दुसऱ्या बाजूस द्रोणागिरी यांसारख्या पर्वतसमूहांमधून वाट काढीत दक्षिणेकडे येते. एवढ्या प्रचंड भिंतीतून नदीला वाट मिळाली कशी? भूशास्त्रज्ञ याचे उत्तर असे देतात की, अशा नद्या पर्वताच्या आधीच्या आहेत. करवत जागच्या जागी चालत असावी आणि लाकूडच खालून वर उचलले जावे, तसा हा प्रकार झाला. पर्वत वर येत राहिला आणि नदी त्याला कापीत राहिली. हे उचलणे आणि हे कापणे अजूनही थांबलेले नाही. गढवालच्या घळींचे काठ इतके उभे आणि इतके अस्थिर असण्याचे मूळ येथे आहे.

उगमाकडील भागात, जेथे पूर्वी हिमनदीने दरी कोरली, तेथे खोरे रुंद तळाचे आणि परातीसारखे असते. खाली, जेथे केवळ पाण्याने काम केले आहे, तेथे ते अरुंद होऊन दोन्ही कडे जवळजवळ एकमेकांना भिडतात. अशा ठिकाणी पाण्याचा आवाज एवढा असतो की शेजारच्या माणसाशीही मोठ्याने बोलावे लागते, आणि सूर्य पात्राच्या तळापर्यंत दिवसातून थोडाच वेळ पोहोचतो.

नवख्या पदयात्रिकाला एका गोष्टीचे हमखास आश्चर्य वाटते. नदीकाठाने सरळ जाणे शक्य दिसत असताना गावकऱ्यांची जुनी पायवाट तिच्यापासून दूर, उंच उतारावरून, नागमोडी वळणे घेत का जाते? गावेही बहुधा पात्रालगत नसतात. ती वर, एखाद्या सपाट पायरीवर वसलेली असतात. याचे उत्तर गढवाली बोलीतील साध्या शब्दांत दडलेले आहे. नदीकाठच्या सपाट जमिनीला तेथे ‘बगड’ म्हणतात, घळीतून धावणाऱ्या ओढ्याला ‘गदेरा’ आणि डोंगरधारेवरील खिंडीला ‘खाल’. बगड जमीन शेतीला उत्तम, परंतु ती नदीने दिलेली आहे आणि नदी ती केव्हाही परत मागू शकते, हे जुन्या लोकांना ठाऊक होते. म्हणून ते बगडावर पेरीत, पण निजायला वर जात.

नदीचा दिनक्रमही ध्यानात घेण्यासारखा आहे. सह्याद्रीतील नदी पावसाने फुगते आणि पाऊस थांबला की ओसरते. पिंडर किंवा नंदाकिनी यांसारख्या नद्यांना हिमनद्यांचे पाणी मिळत असल्याने, आकाश निरभ्र असले तरी, उन्हाळ्यात त्या दिवसाकाठी चढतात आणि उतरतात. रात्रीच्या थंडीत वरचे वितळणे मंदावते, म्हणून पहाटे पाणी कमी असते. दुपारच्या उन्हाने सुटलेले पाणी उशिरा खाली पोहोचते. ज्या ओढ्यातून सकाळी घोटाभर पाण्यातून जाता येते, तो सायंकाळी कमरेइतका होऊ शकतो. पूल नसलेला प्रवाह सकाळीच ओलांडावा, ही तेथील मेंढपाळांची रीत या अनुभवातून आलेली आहे. आणखी एक खूण याहून महत्त्वाची आहे. भर पावसाळ्यात नदीचे पाणी एकाएकी कमी झाले, तर आनंद मानू नये. वर कोठेतरी कडा कोसळून पाणी अडले आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो. आणि अडलेले पाणी कधीतरी सुटणारच.

रामणी गावाच्या वरची धार ओलांडून बिरहीच्या खोऱ्यात उतरणाऱ्याला या धोक्याची सर्वांत मोठी साक्ष भेटते. १८९३ च्या सप्टेंबरमध्ये गोहना गावाजवळ डोंगराची एक संपूर्ण बाजू ढासळली आणि सुमारे पावणेतीनशे मीटर उंचीचा नैसर्गिक बांध नदीत आडवा पडला. त्यामागे सरोवर साचू लागले. पाहणीसाठी आलेले अभियंते पुलफर्ड यांनी हिशेब केला की, बांध एकदम फुटणार नाही. पाणी माथ्यावरून वाहू लागेपर्यंत तो टिकेल, आणि तसे १८९४ च्या ऑगस्टच्या मध्यास घडेल. हा अंदाज मान्य करून प्रशासनाने कामास हात घातला. गोहन्यापासून खाली हरिद्वारपर्यंत तारेने बातमी पोहोचविण्याची सोय करण्यात आली. खोऱ्याच्या दोन्ही उतारांवर सुरक्षित उंची दाखविणारे दगडी खांब उभारण्यात आले आणि झुलते पूल आधीच सोडवून घेण्यात आले. सरोवरावर डोळा ठेवण्यासाठी क्रुकशँक नावाचा एक तरुण अधिकारी तेथेच मुक्काम करून राहिला.

हिशेबात चूक झाली ती थोड्या दिवसांची. २५ ऑगस्टला पाणी बांधावरून वाहू लागले आणि त्याच रात्री बांधाचा मोठा भाग वाहून गेला. गढवालची जुनी राजधानी श्रीनगर त्या लोंढ्याने जवळजवळ पुसून टाकली. ती पुढे नव्या जागी वसवावी लागली. परंतु यात्रामार्गावरील या गजबजलेल्या खोऱ्यात प्राणहानी झाली ती अवघ्या पाच जणांची. एक फकीर आणि त्याचे कुटुंबीय धोक्याच्या जागेवरून हलविले असतानाही परत फिरले होते. बळी गेले ते तेच. डोंगर कोसळणे माणसाच्या हाती नव्हते. परंतु वेळेवर मोजणी करणे, मोजलेले लोकांना सांगणे आणि लोकांनी ते ऐकणे, या तीन गोष्टी हाती होत्या, आणि त्या तिन्ही झाल्या.

बांधाचा काही भाग उरला होता आणि त्यामागे एक लहान सरोवरही. पाऊणशे वर्षे ते शांत राहिले. १९७० च्या जुलै महिन्यातील अतिवृष्टीत बिरहीने एवढा गाळ आणि एवढे दगड आणले की तेही नाहीसे झाले. अलकनंदेच्या त्या पुरात पूल, रस्ते, वाहने आणि वस्त्या वाहून गेल्या. दूर हरिद्वारापाशी गंगेचा कालवा गाळाने भरला. पूर ओसरल्यावर त्या खोऱ्यातील लोक आपसात विचारू लागले की, वरची जंगले तोडली जात असताना खालचे उतार जागेवर कसे राहतील? चिपको आंदोलनाच्या मुळाशी हा प्रश्न होता. २६ मार्च १९७४ रोजी रैणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतिणींनी झाडे तोडू दिली नाहीत, त्यामागे बिरही आणि अलकनंदेच्या पुराची आठवण होती.

बिरहीपलीकडे पाणा गाव आणि त्यापुढील रान ओलांडून वाट कुआरी खिंडीवर चढते. सुमारे ३,६५० मीटर उंचीच्या या खिंडीवरून स्वच्छ हवेत चौखंबा, कामेट, द्रोणागिरी ही शिखरे एका ओळीत दिसतात आणि पायाखाली धौलीचे खोरे उघडते. १९३४ मध्ये शिप्टन आणि टिलमन आंगथारके, पासांग व कुसांग या तीन शेर्पांसह याच खिंडीतून गेले. पुढे ऋषिगंगेच्या घळीतून त्यांनी नंदादेवीच्या पायथ्याशी असलेल्या पर्वतवेढ्यात प्रथम प्रवेश मिळविला. १९८२ मध्ये हा भाग राष्ट्रीय उद्यान घोषित झाला.

त्याच ऋषिगंगेच्या तोंडाशी रैणी आहे. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी सकाळी, निरभ्र हवेत, रोंटी शिखराच्या बाजूवरून खडक आणि बर्फ यांचा अजस्र तुकडा तुटून खालच्या दरीत कोसळला. पावसाळा नव्हता, पाऊस नव्हता. वरच्या उतारांवरील माणसे ओरडून खालच्यांना सावध करीत होती. परंतु पात्रालगत आणि बोगद्यात काम करणाऱ्यांना पळण्यास अवधीच उरला नाही. दोन जलविद्युत प्रकल्पांची वाताहत झाली आणि दोनशेहून अधिक माणसे मृत अथवा बेपत्ता झाली. १८९४ मध्ये खोऱ्याला अकरा महिने मिळाले होते; २०२१ मध्ये काही मिनिटेसुद्धा पुरती मिळाली नाहीत.

प्रत्येक आपत्तीची आगाऊ सूचना मिळेल असे नाही. म्हणूनच गावकऱ्यांच्या पायवाटेचे मोल मोठे आहे. पूर येण्यापूर्वीच ती पुराच्या वर असते. मे-जूनमध्ये किंवा पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात या खोऱ्यांत जाणाऱ्याने तिचेच नियम पाळावेत. पात्रातील वाळू कितीही मऊ असली तरी तीवर तंबू ठोकू नये. ज्या उतारावर झाडे तिरपी झाली आहेत, माती ताजी उघडी पडली आहे किंवा बारीक खडे सतत घरंगळत आहेत, तेथे विसाव्यास बसू नये. पाणी एकाएकी गढूळ झाले अथवा आटले तर प्रथम वर चढावे आणि कारणाचा विचार मागाहून करावा. गावातील वडीलधाऱ्यांना वाट विचारताना नदी पूर्वी कोठपर्यंत आली होती, हेही विचारून घ्यावे. नदीकाठाने जाणारी वाट जवळची असते. वरून जाणारी वाट लांबची असते. ती लांब का झाली, हे बिरहीच्या खोऱ्यातून एकदा चालत गेलेल्या माणसाला पुन्हा सांगावे लागत नाही.