‘तुला हवे ते लिही’

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला पर्यावरणाचा प्रकल्प होता. माझ्या मुलाने आणलेल्या कागदावर एकच वाक्य होते : आपल्या परिसरातील एखादी पर्यावरणीय समस्या निवडून त्यावर प्रकल्प सादर करावा. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी ते वाचले आणि झेरॉक्सच्या दुकानाची वाट धरली. तिथे तयार प्रकल्प मिळतात, हे कुणापासून लपलेले नाही. माझा मुलगा मात्र इशाची नमाज पढून टेबलाशी बसला, तो फजरची अजान झाली तरी तिथेच. समोर कोरा कागद, वर फक्त नाव आणि हजेरी क्रमांक.

त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. हे निदान तो नववीत असताना झाले. त्याआधी हट्टी, एककल्ली, नजर लागलेला, अशी बरीच नावे ठेवून झाली होती. पाठांतर उत्तम. ‘१८५७ च्या उठावाची कारणे लिहा’ म्हटले की जितके गुण तितके मुद्दे. म्हणून शाळेत फारसे अडले नाही. अडले ते कॉलेजात.

त्या रात्री डोक्यात काय चालले होते, ते त्याने नंतर सांगितले. परिसर म्हणजे किती किलोमीटर? गल्ली, वॉर्ड की तालुका? समस्या कुणाला वाटली पाहिजे, मला की नगरपालिकेला? एक निवडली तर बाकीच्या का सोडल्या, हे लिहायचे का? पाने किती? आपल्याही मनात हे प्रश्न येतात. पण आपण अंदाजाने एक उत्तर धरतो आणि पुढे जातो. त्याला असा अंदाज धरणे जमत नाही. सांगितलेले नाही ते आपल्या मनाने ठरवणे त्याला खोटे बोलण्यासारखे वाटते.

दुसऱ्या दिवशी त्याने सरांना विचारले. सर भले माणूस. हसून म्हणाले, ‘अरे, तुला हवे ते लिही.’ इतर मुलांना यात मोकळीक वाटली असती. याला पायाखालची जमीन गेल्यासारखे झाले. दोन दिवस तो कॉलेजला गेला नाही, आणि घरात आळशीपणावरून बोलणीही खाल्ली. त्यात मीही होते.

वाट दाखवली त्याच्या फुफीने. ती शिक्षिका आहे. ‘विषय कोणता घेतोस?’ असे तिने विचारलेच नाही. म्हणाली, ‘घरातून निघून परत येईपर्यंत पाणी वाया जाताना कुठे पाहिलेस?’ तो म्हणाला, ‘मशिदीच्या वुजूखान्यात.’ ‘किती वाया जाते?’ ‘माहीत नाही.’ ‘मोजता येईल?’ येईल, म्हणाला. विषय ठरला.

मग सरांना चार ओळींचे पत्र. विषय : मोहल्ल्याच्या मशिदीतील वुजूचे पाणी. कालावधी : सात दिवस, असरची वेळ. पाने : बारा. हे चालेल का? सरांनी खाली ‘हो’ लिहून सही केली. त्यांचे एक मिनिटही गेले नसेल. तो कागद त्याने कपाटाच्या दारावर चिकटवला.

गेल्या वर्षीचा एक प्रकल्पही त्याने पाहायला मागून आणला. काहींनी याला नक्कल म्हटले. मला ते पटत नाही. ज्याने भाकरी कधी पाहिलीच नाही, त्याला ‘तुला हवी तशी थाप’ म्हणून कसे चालेल?

मुतवल्ली साहेबांच्या परवानगीने नळाखाली बादली ठेवून मोजणी झाली. कुणाला चार लिटर लागले, कुणाला आठ. पैगंबर (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, अशी हदीस आहे. मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर. हा रकाना त्याने तक्त्यात स्वतःहून घातला. लिहिण्याची वेळ असर ते मगरिब. मगरिबची अजान झाली की वाक्य अर्धे असले तरी वही बंद. सुरुवात करणे जितके कठीण, तितकेच त्याला थांबणेही कठीण जाते. बारा पानांची मर्यादा नसती तर तो आजही लिटर मोजत बसला असता.

आमच्यासारख्या पालकांना एक गोष्ट ठाऊक असावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व मान्य आहे आणि स्वमग्नता त्यात येते. सरकारमान्य शिक्षणसंस्थांनी विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोय करून द्यावी, असेही तो कायदा सांगतो. लेखी परीक्षेतल्या जादा वेळेबद्दल निदान ऐकून तरी असतो. घरी करायच्या कामाची सूचना स्पष्ट, लेखी मिळावी, एवढे मागायचे मात्र कुणाला सुचत नाही. प्रमाणपत्र हाती नसले तरी असे पत्र द्यायला काय हरकत आहे? मुलींच्या बाबतीत तर निदानच उशिरा होते. गप्प बसणारी मुलगी आपल्याकडे ‘शांत स्वभावाची’ म्हणून कौतुकाची ठरते, आणि तिची घुसमट कुणाला दिसत नाही.

तोंडी परीक्षेत सरांनी शेवटी विचारले, ‘आणखी काही सांगायचे आहे?’ हा ‘नाही’ म्हणाला आणि उठून आला. मला वाईट वाटले. तो म्हणाला, ‘अम्मी, खरंच काही नव्हतं.’

पुढच्या सत्रात फील्ड प्रोजेक्ट आहे, विषय ऐच्छिक. या वेळी पत्र त्याने एकट्याने लिहिले. सहा प्रश्न, प्रत्येकाचे उत्तर हो किंवा नाही. आज सकाळी तो सही आणायला गेला आहे.