पुंगळीची साक्ष

२७ सप्टेंबर १९२७ च्या पहाटे इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात, एका निर्जन रस्त्याच्या कडेला जॉर्ज गटरिज या पोलीस शिपायाचे प्रेत आढळले. मारेकऱ्याने त्याच्या दोन्ही डोळ्यांत गोळ्या झाडल्या होत्या. त्याच रात्री बिलेरिके येथील एका डॉक्टरांची मोटार चोरीस गेली होती. ती लंडनच्या ब्रिक्स्टन भागात बेवारस सापडली. आत काडतुसाची एक रिकामी पुंगळी पडलेली होती.

पुढे जानेवारी १९२८ मध्ये फ्रेडरिक ब्राउन हा मोटारचोर पकडला गेला, आणि त्याच्याजवळ वेब्ली बनावटीचे रिव्हॉल्व्हर मिळाले. परंतु तशी रिव्हॉल्व्हरे महायुद्धात हजारोंनी वाटली गेली होती. पुंगळी ह्याच शस्त्रातली, हे सिद्ध कसे करावे?

गोळी सुटते तेव्हा स्फोटाच्या दाबाने पुंगळीचे बूड मागील पोलादी भिंतीवर जोराने रेटले जाते. त्या भिंतीवर कानशीचे ओरखडे असतात, वापराने पडलेले बारीक टवके असतात. पोलाद कठीण, पुंगळीचा धातू मऊ. तेव्हा ते सारे बुडावर उलटे उमटते. पेढ्याच्या साच्याला चीर गेली, की ती प्रत्येक पेढ्यावर दिसावी, तसेच हे. रॉबर्ट चर्चिल या बंदूकतज्ज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली पुंगळीवरील खूण आणि ब्राउनच्या रिव्हॉल्व्हरातील दोष जुळलेले दिसले.

मला खरे महत्त्वाचे वाटते ते ह्यानंतरचे. नुसत्या जुळण्यावर न थांबता सुमारे १३०० वेब्ली रिव्हॉल्व्हरे तपासण्यात आली. एकाचीही खूण तशी नव्हती. फाशीचा प्रश्न असता एवढी चिकाटी हवीच. आज संगणक हजारो छायाचित्रांतून सारख्या खुणा निवडून देतो. तरी अखेरचा निर्णय तज्ज्ञाच्या नजरेचाच, आणि त्या नजरेत व्यक्तिनिष्ठता असते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २००९ च्या अहवालाने स्पष्ट बजावले आहे.

ब्राउनने अखेरपर्यंत गुन्हा नाकारला. त्याला आणि त्याचा साथीदार विल्यम केनेडी याला ३१ मे १९२८ रोजी फाशी झाली.

आता, रिव्हॉल्व्हर काही रिकामी पुंगळी आपोआप बाहेर फेकत नाही. मग ती मोटारीत आली कशी? केनेडीच्या जबानीत ह्याचे उत्तर आहे. पळता पळता ब्राउनने त्याला रिव्हॉल्व्हर पुन्हा भरावयास सांगितले होते. त्या गडबडीत एक पुंगळी त्याच्या हातून निसटली.